जादा किल्ली

व्हर्लिन हॉफश्टेटरच्या विमानाची जादा किल्ली
आमच्या घरी असते, मेथ्यांच्या बरणीत,
तळाशी.
इतक्या कडू गोष्टीत चोर हात घालत नाही
असा माझा हिशोब.

विमानाची म्हणून काही मोठी नाही ती.
आईच्या लोखंडी कपाटाची याहून भारदस्त होती.
ही चपटी, पत्र्याची.
मूळ किल्लीचे दात त्याच्या खिशात
सुट्ट्या नाण्यांशी भांडून झिजले,
आणि कुलूपवाल्याने त्या झिजेचीच नक्कल काढली.
म्हणजे नवी, पण जन्मतः म्हातारी.

गावाचं नाव ब्रोकन बो, नेब्रास्का.
आई फोनवर म्हणाली होती,
धनुष्य मोडलंय तर लग्न ठरलंच असेल कुणाचं तरी.
मी इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीत.
तो रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचा,
एकदा गोळ्यांचे पैसे देताना
काउंटरवर किल्लीही ठेवली.
एक माझ्या खिशात, म्हणाला,
एक हँगरमध्ये कॉफीच्या डब्यात,
ही तुझ्याकडे.
का?
तू सगळं दोनदा मोजतेस.

कामाला आली एकदाच.
मार्चमध्ये तो नाश्त्याला म्हणून व्हॅलेंटाइनला उडत गेला,
आणि उतरताना खिशातली किल्ली बर्फात.
हँगरला कुलूप, म्हणून मला फोन.
उपसत बसायला वेळ नव्हता,
बरणीच उचलली, शेजारच्या सीटवर ठेवली,
तिला पट्टा लावला,
आणि वाळूच्या टेकड्यांतून दोन तास.
धावपट्टीच्या कडेला आम्ही दोघं
विमानाच्या पंखावर... नाही, पंख वर असतात त्याचे,
पंखाखाली, वर्तमानपत्रावर मेथ्या ओतून
किल्ली शोधत होतो.

तेव्हा त्याने सांगितलं:
किल्लीने इंजिन जिवंत राहतं असं लोकांना वाटतं.
उलटं आहे. बंद असताना
किल्ली त्याचं तोंड दाबून धरते.
फिरवली की हात काढून घेते, इतकंच.
नंतर ते आपलं आपण पेटत राहतं.
मला अर्धं कळलं.
मी वाऱ्यावर उडणाऱ्या मेथ्या गोळा करत होते.

पुढच्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला.
डॉक्टरांनी कागदावर सही केली नाही.
लिंकनहून मुलगी आली, लोरेटा, चांगली बाई,
खिशातली घेतली, डब्यातली घेतली.
तिसरीचं कुणी विचारलं नाही.
मी खोटं बोलले नाही.
मी आठ तास उभी राहून घरी आले
आणि वरण-भाताचा कुकर लावला.

नोव्हेंबरात, रात्री नवाच्या सुमाराला, तो दारात.
टोपी हातात. आत ये म्हटलं तर आला नाही.
"त्या कडू बिया अजून आहेत?"
आहेत.
"भरपूर?"
भरपूर.
मी स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा,
कशाला ते मला आजही सांगता येणार नाही.
मागे वळून पाहिलं तर
तो पायऱ्या उतरत होता, एकेक, कठड्याला धरून.

वसंतात विमान विकलं गेलं.
कॅन्ससचा कुणी तरुण आला होता, गुरांच्या डॉक्टरीचा.
त्याने विचारलं, किल्ल्या किती?
लोरेटा म्हणाली, दोन.
व्हर्लिन कुंपणाशी उभा होता,
त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली,
बराच वेळ बांधली.
विमान उठलं, दक्षिणेला वळलं.
मी त्या दिवशी सुट्टी काढली होती, दाताचं कारण सांगून.

आता तो डोळ्यांचे थेंब न्यायला येतो.
सकाळी एक, रात्री एक, मी मोठ्याने सांगते.
तो मान डोलावतो, पावती घडी करून
त्याच खिशात ठेवतो.

कैऱ्या इथे क्वचितच मिळतात.
मिळाल्या की लोणचं घालते,
फोडणीला मेथ्या काढताना
चमचा खाली कुठेतरी टणकन लागतो.
मग मी वरवरच्याच घेते.